घट्ट दगडाची सवलत

माणसं दगडाला शेंदूर लावतात, आमचे काका दगडाला जीभ लावत. आणि हे काही डोंगरात, एकटे असताना नव्हे. सिंगापुरात, पाया लेबारच्या ऑफिसात, बाराव्या मजल्यावर, काचेच्या मीटिंग रूममध्ये, समोर सूट घातलेले तीन पाहुणे बसलेले असताना. खोक्यातून दगडाचा तुकडा काढायचा, रुमालानं पुसायचा, डोळे मिटायचे आणि कुल्फीला लावावी तशी जिभेची कड लावायची. मग डोळे उघडून पाहुण्यांना सांगायचं, "टाइट." एकदा एका पाहुण्यानं हे बघून गळ्यातला टाय काढून खिशात घातला होता. का, ते मला आजवर कळलेलं नाही.

मी थोडं वाढवून सांगतो अशी माझी ख्याती आहे. बायको म्हणते, याचं बोलणं ऐकताना दहानं भागावं. पण काकांच्या बाबतीत कृपा करून फार तर दोननं भागा. त्या माणसाला वाढवून सांगायला जागाच नव्हती.

आमचा धंदा काय ते आधी सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल आम्ही पाटे-वरवंटे विकत होतो. एक मोठा देश आहे. नाव सांगणार नाही, कारण गप्प बसेन अशा कागदावर मी सही केलेली आहे. त्या देशाच्या पोटात गॅस आहे. काही ठिकाणी भोक पाडलं की तो भसाभसा वर येतो. पण काही ठिकाणी तो घट्ट खडकात असा अडकून बसलेला असतो, की खोल विहीर खणा, पाण्याच्या दाबानं खडकाला भेगा पाडा, वर त्याच्या मिनतवाऱ्या करा, तेव्हा कुठे जरासा हलतो. खर्च इतका, की कंपन्या म्हणतात, राहू दे बाबा तिथेच. म्हणून तिथल्या सरकारनं कायद्यात एक कलम घातलं: विहीर महागडी असेल आणि खडक खरोखरच घट्ट असेल, तर करात सवलत. आता खडक खरोखरच घट्ट आहे हे कुणी सांगायचं? तर आमच्या बाराव्या मजल्यानं. आकडे मी बघे, दगड काका बघत, आणि दाखल्यावर सही काकांची.

दगड सिंगापूरला आणलाच पाहिजे असं त्या कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही. प्रयोगशाळेचा अहवाल पुरतो. पण तुकडा हातात आल्याशिवाय काका सही करत नसत. एकदा तर स्वतःच बॅग भरून घेऊन आले. विमानतळावर तपासणीच्या बाईनं बॅग उचलायचा प्रयत्न केला, ती उचलली जाईना.

"अंकल, व्हाय सो हेवी? व्हॉट इनसाइड?"

काका खरं बोलणारे. "रॉक्स," म्हणाले.

"अँड इनसाइड द रॉक्स?"

"गॅस."

पुढचा अर्धा तास विमानतळावर जे झालं त्यात आठ कुत्री आणि एक हेलिकॉप्टर होतं, असं मी मित्रांना सांगत आलोय. हेलिकॉप्टर नव्हतं. कुत्रंही एकच होतं, आणि तेही काकांच्या पायाशी बसून राहिलं. काका मात्र त्या बाईला शेवटपर्यंत समजावत होते, की बाई, घाबरू नका, हा दगड इतका घट्ट आहे की तुम्ही निवृत्त व्हाल पण यातला गॅस बाहेर येणार नाही.

त्यांची माझी भेट ऑफिसात नव्हे, क्लेमेंटीला त्यांच्या घरी झाली. मी पुण्याहून नवा आलेलो, एम्प्लॉयमेंट पासवरची, म्हणजे इथल्या कामाच्या परवान्यावरची, शाई ओली, आणि खोली शोधत होतो. त्यांच्या फ्लॅटमधली एक खोली भाड्यानं द्यायची होती. मी दार वाजवलं. नाव नाही, गाव नाही, काकांनी मला टेबलाशी बसवलं, पुढे एक करडा दगड ठेवला, ड्रॉपरनं त्यावर पाण्याचा एक थेंब टाकला आणि म्हणाले, "हा मुरला की मला हाक मार." आणि आत निघून गेले.

मी बसलो. थेंब बसला. काकू येऊन पोहे ठेवून गेल्या. पोहे संपले, थेंब तसाच. काकूंनी चहा ठेवला. मी त्या थेंबात पंख्याची पाती मोजली. माझ्या सांगण्याप्रमाणे मी तिथे बारा वर्षं बसलो होतो, घड्याळाप्रमाणे चाळीस मिनिटं. मग काका बाहेर आले.

"मुरला?"

"नाही."

"फुंकर घातलीस?"

"नाही."

"बोटानं पुसलास?"

"नाही हो!"

"अगं," त्यांनी आत हाक मारली, "याला चावी दे."

काकू चावी देताना हळूच म्हणाल्या, "याआधी चौघं आले होते. एकानं तर थेंब पिऊन टाकला."

हे मात्र काकू सांगत होत्या, मी नाही.

दोन महिन्यांत त्यांच्याच ऑफिसात आकडे बघणाऱ्याची जागा झाली आणि मी पहिली नोकरी सोडून तिथे चिकटलो. मग मोठी पंचाईत अशी, की घरी ते काका आणि ऑफिसात सर. हद्द कुठे आखायची? ती त्यांनीच आखून दिली. सकाळी क्लेमेंटीला आम्ही एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, बसलो की बुओना व्हिस्टा स्टेशनपर्यंत काका. तिथे दार बंद झालं की सर. बुओना व्हिस्टाच्या आधी ते काकूंची गुडघेदुखी, नागपूरची संत्री आणि माझं न वाढणारं वजन यांवर बोलत. तिथून पुढे फक्त खडक. मी एकदा चुकून सिटी हॉलला "काका" म्हणालो तर त्यांनी मागे वळून बघितलं, आणखी कुणाचा काका गाडीत चढला की काय.

त्यांच्या डोक्यात सगळ्या जगाचे दोनच भाग होते: झिरपणारं आणि न झिरपणारं. काकूंच्या इडलीला ते "उत्तम जलधारक" म्हणत. खाण्याच्या गाळ्यांच्या हॉकर सेंटरमध्ये टोफू समोर आला की त्यावर सोया सॉसचा एक थेंब टाकून घड्याळ बघत. टोफूवाल्या आजीला पहिल्यांदा वाटलं, सरकारी माणूस आहे. तिनं पैसे घेतले नाहीत. दुसऱ्या दिवशी काकांनी जाऊन तिला सगळा खुलासा केला, दोन दिवसांचे पैसे दिले आणि तुमचा टोफू फार सैल आहे असंही सांगितलं. तेव्हापासून ती त्यांना बघितलं की सॉसची बाटलीच लपवी.

पण त्यांचा खरा जीव होता त्या कलमावर. ते कलम त्यांना तोंडपाठ होतं आणि ते म्हणताना त्यांचा आवाज बदलायचा. एकदा मला म्हणाले, "पोट्ट्या, तू आकडेवाला, तुला हा कराचा कायदा वाटतो. नीट ऐक. सरकार काय म्हणतंय? जे सहज देत नाही त्याला लगेच नापास करू नका. त्याच्यापाशी थोडं थांबा, त्याला थोडी सूट द्या, आत काहीतरी आहे. कुठल्याही सरकारनं लिहिलेलं याहून मायेचं वाक्य दाखव मला." मी म्हटलं, सर, सरकारला गॅस हवा आहे म्हणून लिहिलंय. ते म्हणाले, "आईलाही पोरानं जेवावं असंच वाटत असतं. म्हणून काय ती माया नसते?"

तेव्हा गाडी कलांगच्या पुढे गेली होती, म्हणजे ते सर होते.

हेच प्रेम घेऊन ते एकदा चोआ चू कांगला गेले. तिथे एका मराठी घरी सत्यनारायण होता, तीस-पस्तीस माणसं, आणि प्रसादाआधी कुणीतरी दोन शब्द बोलावेत अशी यजमानांना हुक्की आली. काकांनी "घट्ट खडक आणि करसवलत" हा विषय निवडला. बँकवाले, हिशेबवाले, आयटीवाले सगळे आधी मान डोलवत होते. पाव तासानं अर्धे बाल्कनीत गेले. बाल्कनी दोन माणसांची. मी म्हणतो म्हणून सांगत नाही, पण त्या दिवशी ती इमारत त्या बाजूला किंचित कलली. शेवटी समोर एक दहा वर्षांची मुलगी उरली, तीही प्रसादाच्या पातेल्याजवळ बसल्यामुळे.

ती म्हणाली, "अंकल, व्हाय नॉट जस्ट डिग द ईझी वन फर्स्ट?"

काकांनी हातातले कागद खाली ठेवले. "बाळा, ईझी वन संपली."

"ऑल?"

"ऑल. आता जे आहे ते अवघडच."

तिनं विचार केला. "देन मस्ट बी पेशंट लाह."

येताना गाडीत काका तीन वेळा म्हणाले, "एवढ्या लोकांत एकटी तिला कळलं." आणि दुसऱ्या दिवशी मॅडमना विचारून आले, की दहा वर्षांच्या मुलीला उन्हाळी नोकरी देता येते का. मॅडम म्हणजे आमच्या ऑफिसच्या मुख्य, इथल्याच, चिनी घरातल्या, काकांपेक्षा वीस वर्षांनी लहान आणि कामात अतिशय चोख. काकांवर त्या रोज चिडत आणि रोज त्यांच्यासाठी साखर न घातलेली कोपी, म्हणजे इथली कॉफी, स्वतः आणत.

आता या कथेतली जी गोष्ट सांगायला मी एवढा वेळ घालवला, ती.

खडकाचं एक तंत्र असतं. तो खाली असतो तेव्हा त्याच्यावर डोंगराएवढं वजन असतं, म्हणून तो आवळलेला असतो. तोच तुकडा वर आणला की वजन जातं आणि तो जरा सैलावतो. त्यामुळे वर, प्रयोगशाळेत मोजला की तो खऱ्यापेक्षा जास्त झिरपणारा दिसतो. कायदा विचारतो, खाली असताना तो कसा होता? म्हणून वर मोजलेल्या आकड्यातून दाबाची वजावट करायची. हे काम माझं. काकांनी ते मला माणसांवरून शिकवलं होतं. एमआरटीत कुणी खेकसलं, की ते माझ्या कानाशी म्हणत, "वर आणून मोजू नकोस. त्याच्यावर किती किलोमीटर माती आहे कुणास ठाऊक."

काकांच्या निवृत्तीला दीड महिना उरला होता. शेवटचा मोठा अर्ज होता सात विहिरींचा. तीस वर्षांत काकांचा एकही दाखला परत आला नव्हता, एकही मागे घ्यावा लागला नव्हता. ते याबद्दल कधी बोलत नसत, पण मॅडम येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला हे पहिलं सांगत. सहा विहिरींचे दगड नेहमीच्या प्रयोगशाळेत गेले. सातवा एका नव्या प्रयोगशाळेत, कारण जुनीकडे गर्दी होती. मी सातही आकड्यांतून दाबाची वजावट केली. सगळे घट्ट निघाले. सातवा तर सगळ्यांत घट्ट.

शुक्रवारची दुपार होती. लांब टेबलावर सात दगड ओळीनं मांडलेले. काकांनी सातांवर सात थेंब टाकले आणि खुर्चीत बसले. मला पाच वाजता चोआ चू कांगला फ्लॅट बघायला जायचं होतं. पुढच्या महिन्यात बायको पुण्याहून यायची होती आणि एजंट म्हणाला होता, उशीर केलास तर दुसऱ्याला देईन. मी घड्याळ बघत होतो, काका थेंब.

सहा थेंब तसेच राहिले. सातवा हळूहळू बसत गेला आणि नाहीसा झाला.

"हा पितोय रे," काका म्हणाले.

"सर, एसीची हवा सरळ त्याच्यावर येतेय. वाळला असेल."

त्यांनी वर एसीकडे बघितलं. मग दगडाकडे. मग माझ्या कागदाकडे. आधीच त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू धरलेला, कागद त्यांनी नाकाला लावला.

"आकडा सगळ्यांत घट्ट म्हणतोय."

"हो ना सर."

"तू नीट बघितलंस?"

"दोनदा."

मी एकदाच बघितलं होतं. ही मात्र माझ्या नेहमीच्या वाढवून सांगण्यासारखी गोष्ट नव्हती, हे मला तेव्हाही कळत होतं.

काकांनी पुन्हा थेंब टाकला नाही. पेन काढलं आणि सही केली. मी पाचला दहा मिनिटं असताना चोआ चू कांगला होतो.

तीन आठवड्यांनी मॅडमनी मला काकांच्या निरोपासाठी जुने अहवाल चाळून एक छानसं काहीतरी बनवायला सांगितलं. चाळता चाळता मला त्या नव्या प्रयोगशाळेच्या अहवालात तळाशी, मुंगीला चष्मा लागेल अशा अक्षरांत, एक ओळ दिसली. त्यांनी दगड दाबाखाली ठेवूनच मोजला होता. म्हणजे वजावट आधीच झालेली होती. मी ती पुन्हा केली होती. एका दगडावर मी दोन डोंगर ठेवले होते, मग तो घट्ट निघेल नाहीतर काय होईल? सातवी विहीर सवलतीत बसतच नव्हती. तिच्यासाठी काकांनी सही दिली होती. आणि थेंबानं हे तेव्हाच सांगितलं होतं.

मी गप्प बसलो. नऊ दिवस. नऊला कशानंही भागू नका. माझ्या पासचं नूतनीकरण चाललेलं, बायकोचं तिकीट काढलेलं, आणि कुणाच्याही लक्षात आलेलं नव्हतं. रोज सकाळी बुओना व्हिस्टापर्यंत काका, नंतर सर, आणि रोज संध्याकाळी काकूंच्या हातची आमटी. मला ती गिळवेना. काकू म्हणाल्या, "आमटी बिघडली का रे?" काका म्हणाले, "बायको यायची आहे त्याची. भूक उडते. मला माहीत आहे." आणि स्वतःच्या पानातला लोणच्याची फोड उचलून त्यांनी माझ्या पानात ठेवला.

रविवारी सकाळी चहाच्या टेबलाशी मी सांगितलं. अहवाल पुढे ठेवला आणि ओळीवर बोट ठेवलं. काका मारी बिस्किट चहात बुडवून धरून होते. ते बिस्किट तुटून कपात पडलं तरी हात तसाच राहिला. काकूंनी ओट्याजवळ गॅस बंद केला.

काका म्हणाले, "दोनदा बघितलं म्हणाला होतास."

"एकदाच बघितलं होतं."

"थेंब तर मीच बघितला होता." ते कपात पडलेल्या बिस्किटाकडे बघत होते. "आयुष्यभर दगडाचं ऐकलं. त्या दिवशी तुझं ऐकलं."

त्यांनी मला शिव्या द्याव्यात म्हणून मी वाट बघत बसलो. ते उठले आणि बेसिनमध्ये कप विसळायला लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीत क्लेमेंटीपासूनच ते सर होते.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग दार लावलं. त्या वाईट बाई नव्हत्या. त्यांना त्या माणसाची काळजी होती.

"अंकल, एका विहिरीचा अर्ज मागे घेतला की ते सहाच्या सहा पुन्हा उघडतील. तुमचे जुनेही उघडतील. दोन आठवडे राहिलेत तुमचे. पुढच्या वर्षी मी गुपचूप दुरुस्त करते. कॅन?"

"कॅनॉट," काका म्हणाले.

"तीस वर्षं, अंकल. नॉट वन कम बॅक. असं जायचंय तुम्हाला?"

"जे खरं आहे तेच तिकडे जाईल."

मॅडमनी सुस्कारा सोडला आणि विचारलं, "हे केलं कुणी?"

"मी," आम्ही दोघंही म्हणालो.

"वजावट मी केली, मॅडम," मी म्हटलं.

"थेंब मी पाहिला," काका म्हणाले. "सही माझी."

"पण सरांना मी खोटं सांगितलं. एसी म्हणालो."

"एसी काय, तो म्हणाला म्हणून मी ऐकलं. ऐकणं माझं काम नव्हतं."

"सर, तुम्ही थांबा ना जरा..."

"तू थांब."

मॅडमनी दोन्ही हात डोक्याला लावले. "अयो! या ऑफिसात एक चूक झाली की कुणी घ्यायला तयार नसतं. आज एका चुकीवर दोन माणसं भांडतायत. कॅन डोन्ट लाइक दॅट ऑर नॉट? असं करू नका ना!" मग त्यांनी कागद ओढला आणि मागे घेण्याचं पत्र त्या स्वतः लिहायला बसल्या. त्यात चूक "आमच्या कार्यालयाची" असं लिहिलं. काकांनी ते खोडून "माझी" केलं. मी तेही खोडायला पेन काढलं तर मॅडमनी माझं पेन काढून घेतलं. ते अजून त्यांच्याकडे आहे. नोकरी मात्र त्यांनी काढून घेतली नाही. मी नवव्या दिवशी का होईना, आलो होतो म्हणून, असं त्या नंतर म्हणाल्या.

त्या संध्याकाळी आम्ही परत निघालो. पाया लेबारला गाडीत जागा मिळाली. काका माझ्या शेजारी बसले आणि समोर बघत म्हणाले, "मला राग आलाय. काल यायला हवा होता, तो आज आलाय. क्लेमेंटीपर्यंत बोलू नकोस."

बुगिस गेलं, सिटी हॉल गेलं, क्वीन्सटाउन गेलं. बुओना व्हिस्टाला मी काकांकडे बघितलं, ते अजून सरच होते. क्लेमेंटी आलं. दार उघडलं. मी उठलो.

"बस," ते म्हणाले. "अजून संपला नाही."

दार बंद झालं. जुरोंग ईस्ट गेलं. लेकसाइड गेलं. बून लेला सगळी गाडी रिकामी झाली. इथून पुढे मी कधी गेलोच नव्हतो. बाहेर कारखाने, क्रेन, मोठमोठ्या पांढऱ्या टाक्या. काका मांडीवर बॅग घेऊन ताठ बसलेले. टुआस लिंक आलं, शेवटचं स्टेशन, आणि एक माणूस डब्यात झाडू घेऊन शिरला. आम्ही उतरलो, पलीकडच्या गाडीत बसलो आणि तसेच, न बोलता, उलट दिशेनं निघालो. मी मित्रांना सांगताना हा प्रवास मलेशियापर्यंत नेतो. पण खरं सांगायचं तर टुआस लिंकच पुरेसं लांब आहे.

क्लेमेंटीला काका उठले. "चल. आमटी गार झाली असेल."

दाखला मागे घेतल्यावर सहा विहिरींचं काय होणार, जुने सगळे दाखले उघडणार का, हे कुणालाच माहीत नव्हतं. काका निवृत्त झाले तेव्हाही उत्तर आलेलं नव्हतं. निरोपाच्या दिवशी मॅडमनी भाषणात "तीस वर्षं" म्हटलं आणि पुढचं वाक्य गिळलं. काकांनी ते गिळताना बघितलं. त्यानंतर ते घरी खुर्चीत बसून राहत. दगडांचे खोके त्यांनी उघडले नाहीत. काकूंनी मुद्दाम टोफू आणला, त्यावर त्यांनी थेंब टाकला नाही, नुसता खाल्ला. काकू स्वयंपाकघरात येऊन मला म्हणाल्या, "टोफू नुसता खाल्ला रे त्यांनी," आणि डोळ्यांना पदर लावला.

मग त्यांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. डोळ्यावर पांढरी पट्टी. दुसऱ्या डोळ्यात आधीच धुकं. त्याच आठवड्यात, बुधवारी, मॅडमनी माझ्या हातात एक चिकटवलेलं पाकीट दिलं. तिकडच्या सरकारचं उत्तर आलं होतं. त्यांनी वाचलं होतं की नाही, चेहऱ्यावरून कळेना. फक्त म्हणाल्या, "अंकल फर्स्ट."

मी ते शर्टाच्या खिशात घालून क्लेमेंटीला आलो. काका खुर्चीत होते. काकू मेथी निवडत होत्या. मी म्हटलं, पत्र आलंय. काकांनी पाकीट घेतलं, चाचपलं, फाडलं, कागद डोळ्याजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला. दिसेना.

काकूंनी हात पुसले. "द्या इकडे, मी वाचते."

काकांनी कागद माझ्यापुढे धरला. "त्याला वाचू दे."

"अहो, त्याला?" काकू म्हणाल्या. "सहाच्या साठ करेल तो."

"वाचू दे."

कागद माझ्या हातात आला. काकूंनी मेथीची जुडी मांडीवरून खाली ठेवली. काकांनी मान जराशी तिरकी करून कान माझ्याकडे केला आणि पट्टी नसलेला डोळाही मिटून घेतला.

मी वाचलं. सातव्या विहिरीचा अर्ज मागे घेतल्याची नोंद घेतली आहे. उरलेल्या सहा विहिरींना सवलत मंजूर असून इतर कोणतेही दाखले तपासण्याची आवश्यकता वाटत नाही.

खाली बस थांबल्याचा आवाज आला.

"परत वाच," काका म्हणाले.

मी परत वाचलं. दोनच ओळी होत्या. दोनच वाचल्या.